मोठे टायर टाकले. ॲव्हरेज खरेच किती पडले?

पिकअपला एक नंबर मोठे टायर चढवले की डिझेल जास्त लागते, हे खरे. पण मीटर सांगतो तेवढे नाही. पौड रस्त्यावरच्या गाडीवाल्याने हा हिशेब नेमका कसा करायचा?

पहाटे पाचच्या सुमाराला भुकूममध्ये पौड रस्त्याच्या कडेला उभे राहिले, की पुण्याच्या दिशेने जाणाऱ्या पिकअपची रांग लागलेली दिसते. कुणात भाजी, कुणात दुधाचे कॅन, कुणात सेंट्रिंगच्या प्लेटा. परतीच्या वेळी याच गाड्या सिमेंट, फरशी, पाण्याच्या टाक्या घेऊन वर येतात. भूगाव, भुकूम, पिरंगुट या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत जेवढी बांधकामे झाली, तेवढे या गाड्यांचे काम वाढले. आणि याच गाड्यांमध्ये आता अशाही दिसतात, ज्यांची चाके मडगार्डच्या बाहेर डोकावतात. बटन टायर, थोडी उचललेली बॉडी, काळे रिम.

मोठे टायर टाकण्यामागे नुसती हौस नसते. मुळशीचा पाऊस, साइटवरचा चिखल, शेतापर्यंत जाणारा कच्चा रस्ता, ताम्हिणीकडची खेप. गाडी बुडाला घासू नये असे कुणालाही वाटेल. पण दोन-तीन वेळा टाकी भरली की एकच तक्रार ऐकू येते : ‘टायर बदलले आणि ॲव्हरेज पार बसले.’

ही तक्रार अर्धी खरी असते. उरलेल्या अर्ध्या भागात गाडीचा दोष नसतो, दोष मोजण्याचा असतो.

मीटर किलोमीटर मोजत नाही

गाडीच्या मीटरला रस्ता दिसत नाही. तो फक्त चाकाचे किंवा गिअरबॉक्समधल्या शाफ्टचे फेरे मोजतो. एका फेऱ्यात किती अंतर कापले जाते, हा आकडा कंपनीने मूळ टायरच्या आकारावरून आधीच ठरवून दिलेला असतो. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते. मीटर मात्र जुन्याच हिशेबाने मोजत राहतो. म्हणजे प्रत्यक्षात अंतर जास्त कापलेले असते आणि मीटरवर ते कमी दिसते.

आकड्यांत पाहू. बोलेरोसारख्या गाडीवर येणारा २१५/७५ आर १५ हा टायर घ्या. यातला २१५ हा टायरच्या रुंदीचा आकडा, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा व्यास, इंचात. या तीन आकड्यांवरून टायरची पूर्ण उंची कुणालाही काढता येते. २१५ चे ७५ टक्के सुमारे १६१ मिलिमीटर. ही भिंत वर आणि खाली अशी दोनदा येते, म्हणून ३२२.५. त्यात १५ इंचाचा रिम, म्हणजे ३८१ मिलिमीटर मिळवा. उत्तर ७०३.५ मिलिमीटर. हा टायर एका फेऱ्यात सुमारे २.२१ मीटर जातो. एका किलोमीटरला त्याचे साधारण ४५२ फेरे होतात.

आता याच रिमवर बसणारा २३५/७५ आर १५ घ्या. लोक याला ‘एक नंबर मोठा’ म्हणतात. त्याची उंची ७३३.५ मिलिमीटर, म्हणजे वाढ ४.३ टक्के. आणि ज्यांना ऑफ-रोडची हौस आहे ते ३१ इंची टायर चढवतात. त्याची उंची ७८७ मिलिमीटर, वाढ जवळपास १२ टक्के. दोन्ही टायरचे रिम १५ इंचीच. दुकानात ‘रिम तोच आहे, काही फरक पडत नाही’ असे सांगितले जाते ते इथेच फसवे ठरते. फरक रिमने नाही, पूर्ण उंचीने पडतो.

समजा, भुकूमच्या एका पिकअपवाल्याला आधी लिटरमागे १२ किलोमीटर मिळत होते. त्याने ३१ इंची टायर टाकले. पुढच्या वेळी टाकी फुल केली तेव्हा ४० लिटर डिझेल गेले होते आणि मीटरवर दिसत होते ४०० किलोमीटर. भागाकार केला, १० आले. म्हणजे दोन किलोमीटरने ॲव्हरेज पडले, सतरा टक्के नुकसान! बिचारा डोक्याला हात लावणार. पण गाडी प्रत्यक्षात ४०० नाही, ४४७ किलोमीटर धावली आहे. खरे ॲव्हरेज ११.२. नुकसान आहे, पण ते सात टक्क्यांच्या आत. उरलेले दहा टक्के फक्त मीटरवर पडले, डिझेलच्या टाकीत नाही.

एक नंबर मोठ्या टायरच्या बाबतीतही हेच. मीटरवर ४४० किलोमीटर आणि ४० लिटर, म्हणजे ११ चे ॲव्हरेज दिसले, तर खरे अंतर जवळपास ४५९ किलोमीटर आणि खरे ॲव्हरेज साडेअकराच्या आसपास असते.

याचा उलटा परिणामही ध्यानात ठेवावा. ज्यांची गाडी किलोमीटरच्या दराने भाड्याने जाते आणि बिल मीटरवरून बनते, त्यांना मोठे टायर थेट खिशातून पैसे काढायला लावतात. ३१ इंची टायरवर शंभर किलोमीटरचे बिल लावले, तर गाडी धावलेली असते ११२. ऑइल बदलायची वेळही मीटर पाहून ठरवत असाल तर ती दर वेळी उशिराच येणार.

मग खरे नुकसान येते कुठून?

मीटरचा घोळ वजा केल्यावरही नुकसान उरतेच. त्याची कारणे तीन-चार आहेत, पण सगळी सारख्या वजनाची नाहीत.

लोक सगळ्यात आधी टायरच्या वजनाला दोष देतात. तो थोडा जास्तच दिला जातो. मूळ टायरपेक्षा जाड बटन टायर एका चाकामागे पाच किलोने जड आहे असे धरा. चार चाकांचे वीस किलो. फिरणाऱ्या वस्तूचे वजन कडेला असले, तर वेग घेताना ते जवळपास दुप्पट जाणवते. म्हणजे चाळीस किलो. रिकाम्या जीपला हे जाणवेल. पण हौद्यात टनभर माल असलेल्या पिकअपला चाळीस किलो म्हणजे सिमेंटची एक गोणीसुद्धा नाही. दर सिग्नलला थांबून पुन्हा निघताना त्याचा हिशेब लागतो, नाही असे नाही. पण मुख्य चोर तो नव्हे.

मुख्य चोर दोन. पहिला आहे गिअर.

इंजिनची ताकद गिअरमधून चाकापर्यंत जाते आणि टायर ती रस्त्यावर लावतो. टायर जितका उंच, तितका रस्त्यावर लागणारा जोर कमी. ३१ इंची टायरमुळे हा जोर साडेदहा टक्क्यांहून जास्त कमी होतो. एक नंबर मोठ्यात चार टक्के. गाडीचे सगळेच गिअर थोडे ‘लांब’ झाले असे समजा. लांब हातोडीने घाव जोरात बसतो, पण पाना लांबवला तर? इथे उलटे आहे : पाना तेवढाच आणि नट मोठा झाला.

पिरंगुटचा घाट काही वरंधा किंवा आंबेनळी नव्हे. छोटासाच आहे. पण लोड भरलेली पिकअप जिथे तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत का होईना चढत होती, तिथे मोठ्या टायरवर ती तिसऱ्यात दम टाकते आणि दुसरा टाकावा लागतो. घाट चढायला लागणारी ऊर्जा टायर बदलल्याने बदलत नाही. माल तेवढाच, चढ तेवढाच. पण खालच्या गिअरमध्ये इंजिनचे फेरे वाढतात आणि त्याच्या स्वतःच्या घर्षणात जास्त डिझेल जाते. भूगावच्या कोंडीतही तेच. पहिला गिअर, अर्धा क्लच, दहा फूट पुढे, पुन्हा ब्रेक. मोठा टायर असला की प्रत्येक वेळी क्लच जरा जास्त सरकवावा लागतो. इथे डिझेलइतकीच क्लच प्लेटही झिजते, आणि ती झीज कुणी ॲव्हरेजमध्ये धरत नाही.

‘मग हायवेला तरी फायदा होत असेल?’ हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या टायरवर त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी होतात, हे खरे. रिकामी गाडी, सपाट रस्ता, टायर रस्त्यासाठी बनवलेला, असे सगळे जुळले तर एक नंबर मोठ्या टायरने नुकसान जवळपास शून्यावर येऊ शकते. पण मोठे टायर बहुतेक वेळा रुंदही असतात आणि त्यांना खोल बटने असतात. दुसरा चोर तिथे बसलेला आहे.

रबर वाकते, तापते, डिझेल जाते

वीस-पंचवीस किलोमीटर चालून आलेल्या गाडीच्या टायरला हात लावून पाहा. तो गरम लागतो. ही सगळी उष्णता उन्हाची किंवा रस्त्याच्या घर्षणाची नसते. प्रत्येक फेऱ्यात टायरचा रस्त्याला टेकलेला भाग चपटा होतो आणि वर जाताना पुन्हा गोल होतो. रबर दाबायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ते सुटताना परत देत नाही. मधला फरक उष्णता होऊन जातो, आणि ती उष्णता म्हणजे तुमच्या टाकीतले डिझेल. तंत्रज्ञ याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात.

गंमत अशी, की नुसता व्यास वाढला तर हा विरोध वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. आपल्या बैलगाडीची चाके माणसाच्या छातीएवढी उंच असायची, ती उगाच नाही. उंच चाक खड्ड्यात कमी उतरते आणि हलके ओढले जाते. म्हणजे उंचीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. विरोध वाढतो तो जाड रबराने, मऊ आणि खोल बटनांनी, अनावश्यक रुंदीने. बटन टायरची प्रत्येक गाठ रस्त्यावर टेकताना वेगळी वाकते आणि वेगळी सुटते. डांबरी रस्त्यावर तिचा जो घूं-घूं आवाज येतो, तोही फुकट येत नाही.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ मध्ये टायर आणि इंधन यावर एक सविस्तर अहवाल दिला होता. त्यातला ढोबळ हिशेब आजही वापरला जातो : रोलिंग रेझिस्टन्स दहा टक्क्यांनी कमी केला, तर छोट्या गाड्यांचे मायलेज एक ते दोन टक्क्यांनी सुधारते. हाच हिशेब उलटा लावा. बटन टायरचा विरोध मूळ टायरपेक्षा समजा तीस टक्के जास्त असला, तर तीन ते सहा टक्के डिझेल तिथेच गेले.

वारा हा तिसरा घटक. गाडी उंच झाली आणि टायर रुंद झाले की समोरून हवा जास्त अडते. पण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पौड रस्त्यावर तीसच्या वेगाने जाताना त्याची काळजी करू नका. बंगळूर हायवेला ऐंशीने जाताना करा.

एकच गाडी, दोन टायर

हे सगळे कागदावरचे तर्क झाले. तोलून पाहायला एक चांगले उदाहरण आहे, फक्त ते अमेरिकेतले आहे. तिथे पिकअप ही घरगुती गाडी आणि मोठे टायर हा जवळजवळ राष्ट्रीय छंद. फोर्डने २०२१ ची एफ-१५० रॅप्टर ही पिकअप दोन प्रकारांत आणली : एक ३५ इंची टायरवर, दुसरी ३७ इंची. इंजिन तेच. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अधिकृत आकड्यांत शहरातले मायलेज दोन्हींचे सारखेच दिसते, गॅलनला १५ मैल, म्हणजे लिटरला साधारण ६.४ किलोमीटर. हायवेवर मात्र ३५ इंचीला १८ मैल आणि ३७ इंचीला १६. आपल्या भाषेत ७.६५ वरून ६.८ किलोमीटर, अकरा टक्के घट. टायरची उंची वाढली होती सहा टक्क्यांच्या आत.

दोन गोष्टी यातून दिसतात. असे आकडे प्रयोगशाळेत ठरावीक पद्धतीने काढले जातात, त्यामुळे यात मीटरच्या चुकीचा भाग नाही. ही घट खरी आहे. आणि हायवेला कमी फेऱ्यांमुळे जो फायदा व्हायला हवा होता, तो हवेने आणि रबराने पार खाऊन टाकला.

दुसरा प्रयोग ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकी मासिकाने २०१० मध्ये फोक्सवॅगन गोल्फ कारवर केला. त्यांनी रिम १५ इंचापासून १९ इंचापर्यंत वाढवले, पण टायरची भिंत कमी करत नेल्यामुळे चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहिली. म्हणजे गिअरचा आणि मीटरचा प्रश्न बाजूला काढला. तरीही इंधनाचे मायलेज दहा टक्क्यांनी घटले. निव्वळ रुंदी, वजन आणि रबर. अलॉयच्या मोठ्या रिमवर जीव असणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हरकत नाही.

आपल्याकडे गाडीच्या जाहिरातीत जे प्रमाणित मायलेज येते, ते एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेत रोलरवर गाडी चालवून काढलेले असते. ही संस्था भुकूमहून पुण्यात येताना वाटेवरच, कोथरूडच्या टेकडीवर आहे. त्या चाचणीत गाडीला कंपनीने ठरवलेले टायर असतात. तुम्ही टायर बदललेत, की तो आकडा तुमच्या गाडीचा राहत नाही.

रुपयांत किती?

पुन्हा आपल्या पिकअपवाल्याकडे येऊ. दिवसाला शंभर किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे २,५०० किलोमीटर. लिटरला १२ चे ॲव्हरेज आणि डिझेल नव्वद रुपये धरले, तर महिन्याचे डिझेल १८,७५० रुपयांचे. खरे ॲव्हरेज पाच टक्क्यांनी पडले तर महिन्याला सुमारे हजार रुपये जास्त. दहा टक्क्यांनी पडले तर २,१०० च्या घरात. वर्षाचे पंचवीस हजार.

ज्याची गाडी रविवारी लवासा-ताम्हिणीला जाते त्याला हा आकडा हौसेचा खर्च म्हणून सोडून देता येईल. ज्याची खेपेमागची शिल्लकच काही शेकड्यांत आहे, त्याच्यासाठी वर्षाचे पंचवीस हजार म्हणजे विम्याच्या हप्त्याचा मोठा भाग.

आणि याच्या बदल्यात मिळते काय? जमिनीपासूनची उंची वाढते, पण टायर जेवढा वाढला त्याच्या निम्मीच. एक नंबर मोठ्या टायरने गाडी उचलली जाते १५ मिलिमीटर. हाताच्या अंगठ्याच्या रुंदीपेक्षाही कमी! ३१ इंची टायरने ४२ मिलिमीटर. हे मात्र खडकाळ रस्त्यावर जाणवते. चिखलात मिळणारी पकड उंचीने कमी आणि बटनांनी जास्त मिळते. म्हणून ज्याची अडचण फक्त चार महिन्यांच्या चिखलाची आहे, त्याने मूळ आकारातच, पण चांगल्या खोल ग्रिपचा टायर घेतला तर बरेचसे काम भागते आणि मीटर, गिअर, ब्रेक यांपैकी काहीच बिघडत नाही. पिकअपवर पोट असणाऱ्याला माझा सल्ला हाच राहील.

ब्रेक, लोड आणि आरटीओ

डिझेलच्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते. मोठ्या टायरमुळे रस्त्यावरचा इंजिनचा जोर जेवढा कमी होतो, त्याच हिशेबाने ब्रेकचाही होतो. पेडल तेवढेच दाबले तरी गाडी थांबवणारा जोर ३१ इंची टायरवर दहा टक्क्यांनी कमी. शिवाय स्पीडोमीटर साठ दाखवत असतो तेव्हा गाडी ६७ ने चाललेली असते. म्हणजे वेग जास्त आणि ब्रेक कमी, दोन्ही एकाच वेळी. आणि चालवणाऱ्याला यातले काही दिसत नाही. पावसात ताम्हिणी उतरताना हे आठवावे. ज्या मालवाहू गाड्यांना ऐंशीचा वेगनियंत्रक असतो, तोही याच चुकीच्या फेऱ्यांवर चालतो.

एक दिलासा आहे. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये असा आंतरराष्ट्रीय नियम असल्यामुळे कंपन्या तो मुळात थोडा जास्तच दाखवणारा ठेवतात. त्यामुळे एक नंबर मोठ्या टायरने तो कदाचित खऱ्याच्या जवळ येईल. बारा टक्के वाढ मात्र ही उसनी जागा ओलांडते.

टायर घेताना उंचीपेक्षाही जास्त लक्ष द्यावे असा आकडा म्हणजे लोड इंडेक्स. आकाराच्या पुढे जो दोन किंवा तीन अंकी आकडा छापलेला असतो तो. ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलो, १०० म्हणजे ८००, १०५ म्हणजे ९२५, ११० म्हणजे १,०६०. एसयूव्हीसाठी बनवलेला रुंद, दिसायला भारदस्त टायर पिकअपच्या मागच्या चाकावर चढवला आणि त्याचा लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी निघाला, तर तो दिसतो मोठा पण पेलतो कमी. भर उन्हात पूर्ण लोडवर तो फुटला तर ॲव्हरेजचा प्रश्नच उरत नाही. प्लाय रेटिंगचेही तसेच : आधी बारा प्लायचा होता, आता आठ प्लायचा चढवला, असे करू नये. लोड भरल्यावर पाटे दबतात तेव्हा टायर मडगार्डला घासतो का, हेही रिकाम्या गाडीवर कळत नाही. दुकानातून बाहेर पडताना सगळे छानच दिसते.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. व्यावसायिक वाहनाच्या नोंदणीत तर टायरचा आकार हा एक वेगळा रकानाच असतो, त्यामुळे फिटनेस तपासणीला प्रश्न येऊ शकतो आणि अपघातानंतर विमा कंपनीलाही वाद घालायला जागा मिळते. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनीनेच मोठा टायर दिला असेल, तर निदान तांत्रिकदृष्ट्या तो सुरक्षित पर्याय. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्यावे.

खरे ॲव्हरेज कसे काढायचे?

फोन हातात आहेच, त्याचा उपयोग करा. टायर बदलल्यावर एकदा नकाशाचे ॲप लावून पन्नास-शंभर किलोमीटर चला. ॲपने सांगितलेल्या अंतराला मीटरवरच्या अंतराने भागा. उत्तर १.०४ आले, तर यापुढे मीटरवरचा प्रत्येक आकडा १.०४ ने गुणायचा. रस्त्यालगतचे किलोमीटरचे दगड मोजूनही हे जमते. त्याला डेटा लागत नाही.

टाकी फुल करताना शक्यतो तोच पंप, तेच नोझल आणि पहिल्यांदा ‘कट’ झाला की थांबायचे. वरून आणखी दोनशे-तीनशे रुपयांचे कोंबायचे नाही. एका टाकीवर निष्कर्ष काढू नका, निदान तीन टाक्या जाऊ द्या.

पण रोज एकाच मार्गावर जाणाऱ्याला याहून सोपा उपाय आहे. किलोमीटर विसराच. भुकूम ते मार्केट यार्ड आणि परत, अशा दहा खेपांना जुन्या टायरवर किती लिटर लागले आणि नव्या टायरवर किती, एवढेच लिहा. रस्ता काही लांब झालेला नाही. माल साधारण तेवढाच. मीटर काय दाखवतो याच्याशी देणेघेणेच उरत नाही. खेपेमागे किती डिझेल, हाच शेवटी धंद्याचा आकडा, आणि तो कुठलाही टायर फसवू शकत नाही. भाजी नेणारे बरेच जुने चालक डोक्यात हाच हिशेब ठेवतात.

मोजताना एक सापळा टाळा. जुने, गोटा झालेले टायर काढून त्याच आकाराचे नवे घातले, तरीही ॲव्हरेज पडल्यासारखे दिसते. झिजलेल्या टायरची उंची कमी झालेली असते. दोन्ही बाजूंनी सहा-सहा मिलिमीटर रबर गेले तर बारा मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन टक्के. तेव्हा मीटर जास्त किलोमीटर दाखवत होता. त्यातच पातळ रबर वाकते कमी, म्हणून गोटा टायर खरोखरच हलका चालतो. नवा टायर आला की दोन्ही फायदे एकदम जातात आणि दोष नव्या कंपनीला लागतो. अर्थात म्हणून गोटा टायर ठेवायचा नसतो. ओल्या रस्त्यावर तो थांबत नाही.

तुलना करायची तर नव्याशी नव्याची करा. रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये टायरच्या रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या मर्यादा अधिसूचित केल्या आहेत. फ्रिज-एसीला तारांकन देणाऱ्या ऊर्जा दक्षता ब्युरोने टायरसाठीही स्टार लेबलची ऐच्छिक योजना आणली आहे. दुकानात विचारून पाहा. विचारणारे वाढले तर दुकानदारही सांगायला लागतील.

आणि हवा. हा सगळा लेख वाचून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. अमेरिकी ऊर्जा विभागाचा हिशेब असा, की चारही टायरमध्ये सरासरी एक पीएसआय हवा कमी असली तर मायलेज ०.२ टक्क्याने घटते. आकडा लहान दिसतो. पण बरेच दिवस हवा न तपासलेल्या पिकअपमध्ये दहा पीएसआयची तूट सापडली, तर दोन टक्के गेले. त्यात मोठ्या टायरची गोम अशी, की किती हवा भरायची हे दारावरच्या स्टिकरवर लिहिलेले नसते. तो स्टिकर मूळ टायरचा असतो. पंक्चरवाला अंदाजाने भरतो. टायरच्या भिंतीवर छापलेला पीएसआय हा कमाल आकडा आहे, रोज भरायचा नव्हे. मूळ टायरइतकाच भार पेलायला नव्या टायरला किती हवा लागते, याचा तक्ता टायर कंपनीकडे असतो. तो मागून घ्या. आणि हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासा. पिरंगुटहून येऊन तापलेल्या टायरमध्ये तपासलेली हवा नेहमी जास्तच दिसते.

दुकानात भाव करताना बहुतेक जण चार टायरचा करतात. पाचवा, स्टेपनीचा, जुनाच राहतो. पंक्चर झाल्यावर मागच्या एका बाजूला ३१ इंची आणि दुसऱ्या बाजूला मूळ आकाराचा टायर लागला, की सरळ रस्त्यावरही दोन चाके वेगवेगळे फेरे घेतात आणि तो फरक डिफरन्शियलला सतत सोसावा लागतो. फोर-बाय-फोर गाडीत तर पुढच्या-मागच्या एक्सलचीही ओढाताण होते. पंक्चरच्या दुकानापर्यंत हळू गेलात तर निभावेल. पुण्यापर्यंत लोड घेऊन जाऊ नका. भाव करायचा तर पाचाचा करा, आणि मोठा स्टेपनी हौद्याखालच्या जागेत बसतो का, ते पैसे देण्याआधी बघून घ्या.